रिकाम्या जागा रिकाम्या नसतात

(खंडाळा, जि. सातारा येथे महिला मंडळे, बचत गट, अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



‘खंडाळ्याला चालले आहे’ असं सांगितलं की पुण्या-मुंबईची माणसं म्हणतात, ‘मजा आहे बुवा, थंड हवेला निघालात!’ त्यांच्या डोळ्यांपुढे लोणावळ्याशेजारचा खंडाळा असतो. मग सांगावं लागतं, तो नव्हे. खंबाटकी घाट चढण्याआधीचा, सातारा जिल्ह्यातला. ज्या तालुक्यात नायगाव आहे तो. ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई जिथे जन्मल्या ते नायगाव. एवढं सांगितलं की समोरचा माणूस जरा गप्प होतो.

मला आज विषय दिला आहे ‘बाईचं आरोग्य’. हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, पाळीच्या तक्रारी यांवर इथल्या आशाताई माझ्यापेक्षा चांगलं बोलतील. मी बोलणार आहे जागेबद्दल. गावात, पेठेत, नव्या वसाहतीत जे दोन-दोन, चार-चार गुंठ्यांचे तुकडे पडून असतात, ज्यांच्यावर गाजरगवत माजतं आणि प्लॅस्टिक उडत असतं, त्यांच्याबद्दल. याचा आरोग्याशी काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे, आणि तो मला पुस्तकात नव्हे, समुपदेशनाच्या खोलीत दिसला.

आमच्याकडे येणारी बाई पहिल्या दिवशी ‘मला नवरा मारतो’ असं क्वचितच म्हणते. ती म्हणते, ‘ताई, डोकं चढतं. छातीत धडधडतं. झोप नाही. अंग गळून जातं.’ दवाखान्यात जाऊन सलाइन लावून आलेली असते. मी एक प्रश्न नेहमी विचारते: ‘दिवसातून किती वेळ तुम्ही घराबाहेर, काही काम नसताना, नुसत्या बसलेल्या असता?’ पुष्कळ बायकांना हा प्रश्नच कळत नाही. एकीने मलाच विचारलं, ‘काम नसताना बाहेर कशाला बसायचं?’ दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, दोन मुलं, सासू, आणि शिफ्टवरून आलेला नवरा झोपलेला. ती बसणार कुठे? जीव गुदमरतो हा वाक्प्रचार तिच्या बाबतीत अक्षरशः खरा असतो.

२०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निमहान्स संस्थेने देशभर मानसिक आरोग्याची पाहणी केली. मोठ्या माणसांपैकी साधारण दहातल्या एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार आहे, असं तीत आढळलं, आणि त्यातल्या बहुतेकांना काहीच उपचार मिळत नाहीत. उदासीनतेचा आजार, म्हणजे डिप्रेशन, बायकांत पुरुषांपेक्षा जास्त. तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ मिळणं किती कठीण आहे हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता जरा मागे जाऊ. आपल्या गावांत बसायच्या जागा होत्याच. पार होता, चावडी होती, देवळाची ओवरी होती. पण पारावर बसणार कोण? पुरुष. त्यातही कोणत्या जातीचे पुरुष, हे ठरलेलं. बाई पाराजवळून जायची ती पदर सावरून, मान खाली घालून. बायकांची जागा म्हणजे पाणवठा. विहीर, ओढा, नदीचा घाट. धुणं आपटता आपटता तिथे सगळं बोललं जायचं. माहेरचं, सासरचं, कोणाला दिवस गेले, कोणाला काल मार पडला. पाणवठ्यावरही शिवाशिव होती, ती विसरून मला त्या दिवसांचं गोडवं गायचं नाही. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो उगीच नाही. पण पुढे घरोघर नळ आला. नळ यायलाच हवा होता. हंड्यावर हंडे वाहून मणक्यांची वाट लावून घ्यायची कोणाला हौस नव्हती. मात्र नळाबरोबर बायकांची एकत्र जमायची जागा गेली आणि तिच्या बदल्यात दुसरी कोणी दिली नाही. पुरुषांचा पार गेला तरी त्यांना चहाची टपरी आली, पानपट्टी आली, वाचनालय आलं, मंडळाचं कार्यालय आलं. आपल्याला काय आलं? टीव्ही आला. तो घरातच असतो.

तर हे रिकामे भूखंड. गावं पसरली. शिरवळची औद्योगिक वसाहत वाढली तसे इथेही भाडेकरू आले, प्लॉट पडले. खंडाळा आणि लोणंद इथे आता नगरपंचायती आहेत. प्लॉट पाडणारा चार दगड रोवून विकून जातो, घेणारा पैसे गुंतवून ठेवतो आणि बांधत नाही. मधल्या काळात त्या जागेचं काय होतं, ते शेजारच्या बाईला विचारावं. सांगलीत तर याचा कळस झाला आहे. तिथे गुंठा-गुंठा जमीन विकून वसाहती उभ्या राहिल्या, कायद्याला ‘गुंठेवारी’ हे नावच पडलं. २००१ साली तो कायदा होऊन जुन्या वसाहती नियमित करण्याची सोय झाली, २०२१ मध्ये त्याची मुदत पुढे नेली, ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वसाहतींना. पण शामरावनगरसारख्या सखल भागात पाऊस झाला की मोकळ्या प्लॉटांची तळी होतात. पाणी हलत नाही, डास होतात, तापाच्या साथी येतात. पोरगं तापलं की रात्र जागणारी कोण, हे वेगळं सांगायला नको. गुंठेवारीत आणखी एक गोम आहे. रीतसर रेखांकन करून प्लॉट पाडले तर मोकळी जागा सोडावी लागते. गुंठा-गुंठा विकला की तो प्रश्नच येत नाही. म्हणजे गरिबाला स्वस्तात जागा मिळते, आणि पोराला खेळायला, बाईला बसायला कायमची जागा राहत नाही.

आता माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगते.

एक गाव. नाव सांगत नाही, कारण तिथलं भांडण अजून मिटलेलं नाही. वसाहतीच्या लेआउटमधला ओपन स्पेसचा दोन गुंठ्यांचा तुकडा, म्हणजे साधारण एकवीसशे-बावीसशे चौरस फूट. तीन बाजूंना घरांच्या पाठी, चौथ्या बाजूला रस्ता. आत राडारोडा, वेडी बाभूळ, घाणेरी, दारूच्या बाटल्या. दोन बचत गटांच्या बायका आणि मी, आम्ही ठरवलं की इथे बाग करायची. मी नुकती शहरातून आलेली, डोक्यात पदवीच्या अभ्यासक्रमातला ‘लोकसहभाग’. रविवारी सकाळी फावडी, घमेली घेऊन जमलो. तीन ट्रॉल्या राडारोडा निघाला. झाडोरा मुळापासून काढला. फोटो काढले. घरी जाताना मला फार बरं वाटत होतं.

संध्याकाळी रस्त्याच्या पलीकडच्या पालांतली एक म्हातारी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. शांतपणे म्हणाली, ‘बाई, झाडी काढलीत. आता आमी जायचं कुठं?’

रस्त्याच्या कामावर आलेल्या मजुरांची पाच पालं होती तिथे. संडास नव्हता. आमच्या दृष्टीने जी घाणेरडी झुडपं होती, ती त्या बायकांचा आडोसा होता. महाराष्ट्राचा शहरी भाग हागणदारीमुक्त झाल्याचं २०१७ साली जाहीर झालं. कागदावर ते गावही हागणदारीमुक्तच होतं. पालं कागदावर नव्हती.

त्या रात्री मला झोप आली नाही. तेव्हापासून मी ‘रिकामी जागा’ हा शब्द जपून वापरते. पुढचे चार महिने आम्ही एकही रोप लावलं नाही. पालांसाठी दोन संडास आणि पाण्याची टाकी मिळावी म्हणून खेटे घातले. एका कार्यालयात एक गृहस्थ म्हणाले, ‘तुम्हाला बाग हवी की संडास, एक काय ते ठरवा.’ आम्ही म्हटलं, दोन्ही. अखेर संडास मिळाले.

मग आम्ही आधी जे करायला हवं होतं ते नंतर केलं. दुपारी सगळ्याजणींना बोलावून जमिनीवर रांगोळीने त्या जागेचा नकाशा काढला, आणि दिवसाच्या कोणत्या वेळेला तिथे कोण येतं ते खड्यांनी मांडलं. पहाटे पालांतल्या बायका. सकाळी भंगार वेचणाऱ्या दोघी. दहानंतर एकीच्या चार शेळ्या. उन्हाळ्यात कुरडया-पापडांचं वाळवण. एका कोपऱ्यात गोवऱ्या. चारनंतर मुलांचं क्रिकेट. आठनंतर पत्ते आणि बाटली. ज्या जागेला आम्ही पडीक म्हणत होतो ती पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या उपयोगाची होती. यातलं काय टिकवायचं, काय हलवायचं आणि काय बंद करायचं, यावर तीन बैठका झाल्या. गोवऱ्यांवरून तर चांगलीच जुंपली. शेवटी वाळवणाला फरशी, गोवऱ्यांना मागचा कोपरा, मुलांना मधली पट्टी, आणि कडेने झाडं, असं ठरलं. शेळ्यांचं भांडण आजही चालू आहे. शेळ्या ठराव वाचत नाहीत.

झाडांबद्दल थोडं बोलते, कारण इथे पैसा आणि पाणी दोन्ही वाया जातं. खंबाटकीच्या अलीकडचा हा भाग पावसाच्या पट्ट्यातला नव्हे. महाबळेश्वरावर कोसळणारा पाऊस इथपर्यंत येईतो थकतो. तेव्हा शहरातल्या बागेची नक्कल करून हिरवळीचा गालिचा घालू नका. त्याला रोज पाणी लागतं, आणि ते पाणी वाहणार बाई. आम्ही एक कडुनिंब, दोन करंज, एक बहावा लावला. कुंपणाला शेवगा आणि कढीपत्ता. शेवग्याने दुसऱ्या वर्षीच शेंगा दिल्या, आणि ज्या घरांनी बागेला नाकं मुरडली होती त्यांनीही त्या नेल्या. माती मात्र नव्हतीच, सगळा मुरूम. तिथे उपयोगी पडला तो आपल्या साताऱ्याच्याच दाभोळकर घराण्यातला माणूस. श्री. अ. दाभोळकर. नरेंद्र दाभोळकरांचे थोरले भाऊ. गणिताचे शिक्षक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ चालवला आणि पालापाचोळा, उसाचं चिपाड, स्वयंपाकघरातला ओला कचरा यांपासून माती तयार करता येते, पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांवर नीट जगू शकतं, असं साध्या माणसांकडून प्रयोग करवून घेऊन मांडलं. त्यांचं ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२च्या सुमारास याच धर्तीवर भाज्या आणि फळझाडं उभी केली, स्वयंपाकघरातल्याच कचऱ्यावर. गच्चीवर होतं ते मुरमावर का होणार नाही? आम्ही खड्डे केले, उसाचं पाचट भरलं, घरोघरचा ओला कचरा आणून टाकला. वास येतो म्हणून तक्रारी आल्या. वर पालापाचोळ्याचा थर वाढवला, वास गेला.

आता मनाला बरं वाटण्याचं काय? ‘झाडं लावली की मन प्रसन्न होतं’ हे कॅलेंडरावर छापण्यासारखं वाक्य आहे, पण ते तपासून कोणी पाहिलंय का? पाहिलंय. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात पडक्या घरांचे हजारो मोकळे भूखंड आहेत, बरेचसे गरीब आणि काळ्या लोकांच्या वस्त्यांत. तिथल्या संशोधकांनी ५४१ भूखंड निवडले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे तीन गट केले. एका गटात कचरा काढला, जमीन सारखी केली, गवत आणि थोडी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं आणि दर महिन्याला देखभाल केली. दुसऱ्या गटात नुसता कचरा काढला. तिसऱ्या गटात काहीच केलं नाही. आधी आणि नंतर आसपास राहणाऱ्यांना त्यांच्या मनःस्थितीबद्दल विचारलं. २०१८ साली निष्कर्ष छापून आले. काहीच न केलेल्या जागांच्या तुलनेत, हिरव्या केलेल्या जागांजवळच्या लोकांमध्ये ‘उदास वाटतं’ असं सांगण्याचं प्रमाण ४१ टक्क्यांहून अधिक घटलं. गरीब वस्त्यांत घट आणखी मोठी होती. आणि नुसता कचरा काढलेल्या जागांजवळ? तिथे म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

ही शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपल्याकडे एक दिवस झाडू हातात घेऊन फोटो काढण्याची मोहीम असते. फिलाडेल्फियाचा अनुभव सांगतो की झाडलोट पुरत नाही. कोणीतरी या जागेची नियमित काळजी घेतंय हे दिसावं लागतं. दुसरी बाब कुंपणाची. ते बुटकं होतं आणि त्यात ये-जा करायला मोकळ्या फटी ठेवल्या होत्या. कुलूप नव्हतं. आपल्याकडे बाग झाली की पहिलं फाटक येतं, मग कुलूप, मग वेळेची पाटी, मग तिकीट. अर्थात फिलाडेल्फिया म्हणजे खंडाळा नव्हे. तिथे माणसं निघून गेल्याने जागा ओस पडल्या, इथे माणसं दाटत असताना जागा अडवून ठेवल्या आहेत. आणि उदास वाटणं कमी झालं म्हणजे मार कमी झाला, असंही नव्हे. नवरा मारत असेल तर त्याला २००५चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, आपली संघटना आहे. कडुनिंबाच्या सावलीवर ते भागवू नये.

तरीही आमच्या त्या दोन गुंठ्यांत मी जे पाहिलं ते सांगते. कट्टा झाला, सावली धरली, तरी पहिले कित्येक महिने एकही बाई नुसती येऊन बसली नाही. यायच्या त्या सूप घेऊन. तांदूळ निवडायला, शेंगा फोडायला, लसूण सोलायला. हातात काम असलं की बाईला बाहेर बसता येतं. कोणी विचारलं तर उत्तर तयार असतं. मुंबईत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी याच गोष्टीवर संशोधन केलं. २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ नावाने ते पुस्तकरूपाने आलं. त्यांचं म्हणणं असं की सार्वजनिक जागेत बाईला सतत आपलं काहीतरी प्रयोजन दाखवावं लागतं. पिशवी, मूल, फोन, घाईची चाल. बिनकामाचं, उगाच रेंगाळणं हा पुरुषांचा हक्क मानला जातो आणि तो बाईलाही हवा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे मुंबईच्या मुलींचं चोचलं वाटलं होतं. सुपातले तांदूळ पाहिल्यावर मत बदललं. वर्षभराने एक पन्नाशीची बाई, जिला मी तीन वर्षं झोपेच्या गोळ्यांवर पाहिलं होतं, रिकाम्या हाताने येऊन बसली. तिची गोळी सुटली असं मी म्हणणार नाही, सुटलेली नाही. पण ती रोज पाच वाजता येते.

आता श्रमाकडे येते, कारण इथे आपण फार वेळा फसतो. बाग कोणी करायची? बायकांनी. पाणी कोणी घालायचं? बायकांनी. वर भाषण करायचं, ‘स्त्री ही निसर्गाच्या जवळ असते.’ मला या वाक्याचा राग येतो. बाई निसर्गाच्या जवळ असते कारण सरपण, पाणी आणि शेण ही कामं तिच्या गळ्यात आहेत. बागेचं काम हे काम आहे. त्याला दाम हवा. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने हे फार आधी ओळखलं. १९७५ साली स्थापन झालेली ही संघटना, ‘मुलगी झाली हो’ नाटकामुळे तुमच्यापैकी अनेकींना माहीत आहे. १९९८च्या सुमारास तिने ‘परिसर विकास’ हा कार्यक्रम घेतला. कचरा वेचणाऱ्या बायकांना एकत्र केलं, कचऱ्याचं वर्गीकरण, खत तयार करणं, बायोगॅसचे प्रकल्प चालवणं, बागेची देखभाल यांचं शिक्षण दिलं, त्यांच्या सहकारी संस्था केल्या आणि मोठमोठ्या वसाहती व संस्थांकडून त्यांना कामाचे करार मिळवून दिले. जिला लोक ‘कचरेवाली’ म्हणून हाक मारायचे ती ‘परिसर भगिनी’ झाली. बागकाम तिच्याकडे धर्मादाय म्हणून आलं नाही, कसब म्हणून आलं. आपल्याकडे भंगार वेचणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, ऊसतोडीहून परत आलेल्या बायका आहेत. नगरपंचायतीने मोकळ्या जागांची देखभाल ठेकेदाराला देण्याऐवजी या बायकांच्या गटाला रोख मजुरीवर द्यावी, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे. रोजगार हमीचं काम गावात मिळतं, नगरपंचायत झाली की केंद्राच्या त्या योजनेतून गाव बाहेर पडतं, हेही लक्षात घ्या. गावाला शहराचा दर्जा मिळाला तेव्हा मजूर बाईच्या हातून काय निसटलं याचा हिशेब कोणी मांडला नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. कोरडं आहे, पण याशिवाय काही हलत नाही. जागा पाहिली की आधी तिचा मालक शोधा. सातबारा, नाहीतर मिळकत पत्रिका. वसाहत असेल तर मंजूर रेखांकनाची प्रत मागा. सध्याच्या नियमावलीप्रमाणे, २०२० पासूनच्या, ०.४ हेक्टर म्हणजे सुमारे एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचं रेखांकन करताना दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. ती विकायची नसते. प्रत देत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचं काम आहे, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. विकास आराखड्यात बागेचं आरक्षण असेल तर तारीख बघा. आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण उठतं. म्हणून अशा जागेवर बायकांनी आधीच आवाज उठवायचा असतो, नंतर मोर्चा काढून उपयोग नाही. गायरान किंवा गावाच्या सामाईक जमिनीवर अतिक्रमण झालं असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २०११चा जगपाल सिंग निकाल हाताशी ठेवा. पण जपून. अतिक्रमण म्हणजे एखाद्या पुढाऱ्याची इमारतही असते आणि पारध्याची झोपडीही असते. आपण कोणाविरुद्ध अर्ज करतो आहोत हे स्वतःला विचारल्याशिवाय सही करू नका.

जागा खासगी असेल तर मालकाची लेखी संमती घ्या, किती वर्षांसाठी तेही लिहून घ्या. मालक एक भीती बोलून दाखवतात: झाडं वाढली की तोडता येत नाहीत. खरं आहे, नागरी भागात १९७५च्या कायद्याने परवानगी लागते. म्हणून अशा जागेवर चिंच, वड लावून हट्ट करू नये. भाजी, शेवगा, फुलझाडं, वेल लावावेत. तीन वर्षांनी तो प्लॉट विकेल, हे गृहीत धरून काम करा. फार वाईट वाटतं, पण आधी माहीत असलं तर कमी वाटतं.

आणखी एक धोका. जागा सुधारली की भाव वाढतो. भाव वाढला की भाडं वाढतं. शिरवळच्या कारखान्यांत जाणारी, एका खोलीत तिघी मिळून राहणारी मुलगी पहिली बाहेर पडते. आमच्या त्या वसाहतीत दोन घरमालकांनी भाडं वाढवलंच. त्यावर काय करायचं याचं तयार उत्तर माझ्याकडे नाही. आम्ही मालकिणींशीच बोललो, कारण त्या गटातल्याच होत्या. एकीने मागे घेतलं, एकीने नाही.

सावित्रीबाईंकडे परत येते. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा त्यांनी आणि डॉक्टर मुलाने, यशवंतने, दाटीवाटीच्या वस्तीपासून दूर, हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. रोग्यांची सेवा करता करताच लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या. शाळेच्या सावित्रीबाई आपण दर वर्षी आठवतो. मोकळ्या मळ्यातला हा दवाखाना फारसा आठवत नाही. तिथे कोणाला येऊ द्यायचं आणि कोणाला नाही, असा प्रश्न त्यांनी ठेवला नव्हता. आमच्या बागेत तो आला. पालांतल्या बायका कट्ट्यावर बसल्या तेव्हा वसाहतीतल्या काहीजणी उठून गेल्या. भांडण झालं नाही, कोणी काही बोललं नाही, नुसत्या उठल्या. पुढच्या बैठकीत मी विषय काढला तर म्हणाल्या, ‘तसं काही नाही ताई, उशीर झाला होता.’ पाच वाजता कसला उशीर? आता बागेच्या समितीत पालांतली एक बाई घेतली आहे. उठून जाणं कमी झालंय. थांबलेलं नाही.

सध्याचं भांडण कशावरून आहे ते सांगून थांबते, कारण चर्चेत तुमचं मत हवं आहे. एका तरुण मंडळाला त्या जागेत पत्र्याची शेड टाकून व्यायामशाळा करायची आहे. निधी आणतो म्हणतात. प्रभागात नगरसेविका आहे; २०११ पासून आपल्याकडे निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. पण तिच्या वतीने बोलायला तिचे पती येतात. ते म्हणतात, ‘बायकांना घरी कुंड्या ठेवता येतात की.’ मुलांचा व्यायाम वाईट आहे असं आम्हाला म्हणायचं नाही, तीच मुलं चारनंतर तिथे क्रिकेट खेळतात. मंजूर रेखांकनाची प्रत आमच्या हातात आहे, त्यात ‘खुली जागा’ असं स्वच्छ लिहिलंय. आम्ही नगरसेविकेला एकटीला कट्ट्यावर बोलावलं आहे. दोनदा निरोप दिला. ती येते म्हणाली आहे, अजून आलेली नाही. येताना सूप घेऊन ये म्हणून निरोप द्यावा, असं एकीने सुचवलंय.